चाकांचा दांडा

१

दुपारचं जेवण उरकलं, की त्या घरात दोन आवाज सुरू होत. पुढच्या खोलीत दातांच्या काकूंचं पॉलिशचं चाक घूं घूं करायला लागे, आणि मागे गॅरेजमध्ये कॅप्टनच्या हातून हमखास एखादा पाना पडे. पाना वाजला, की काकू जागेवरूनच ओरडत, "पायावर पडला का?" आणि तिकडून उत्तर येई, "नाही, नशिबावर!"

काकूंचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर माप पाठवत, आणि काकू घरबसल्या कवळी घडवत. गल्लीतले निम्मे म्हातारे काकूंच्या दातांनी हसत होते. कॅप्टन म्हणजे त्यांचे यजमान. हे नाव समोरच्या बेकरीवाल्यानं चिडवायला ठेवलेलं, कारण विमानांचं एवढं वेड असून हा माणूस जन्मात विमानात बसला नव्हता. नोकरीभर ते लिफ्टचे इन्स्पेक्टर. "सगळं आयुष्य वर जाण्यात गेलं, पण खड्ड्यातून," असं ते स्वतःच सांगत.

निवृत्त झाले आणि माणूस विझला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. चहा ठेवला तर पीत, नाही ठेवला तर मागत नसत. काकू मुद्दाम भांडण उकरून काढत, पण भांडायलाही समोर कुणीतरी लागतं हो! दोन वर्षं अशी गेली. आणि मग एके दिवशी त्या खुर्चीतला माणूस उठला, भंगारवाल्याकडे गेला, आणि जुन्या लढाऊ जेटचं नाक घेऊन घरी आला.

नाकच. टोकापासून पायलटच्या पाठीपर्यंतचा तुकडा, त्याच्या मागचं सगळं करवतीनं कापून टाकलेलं. पंख नाहीत, इंजिन नाही, चाकं नाहीत. क्रेननं ते गॅरेजसमोर उतरवलं तेव्हा गल्ली गोळा झाली. बेकरीवाला हात पुसत आला आणि म्हणाला, "कॅप्टन, बाकीचं विमान पुढच्या हप्त्यात येणार का?"

कॅप्टन हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसले. काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडून घेतलं, तोंड धुतलं, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "गाडी रस्त्यावर लावा. गॅरेजमध्ये हे राहू दे."

२

कॅप्टनचा एक नियम होता, आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केला. या कॉकपिटमध्ये जो भाग बसेल तो असल्याच विमानाचा, अस्सल. मिळाला तर लावायचा, नाही मिळाला तर भोक रिकामं ठेवायचं. अशी जुनी कॉकपिटं जमवणाऱ्यांची एक जमातच असते, तिच्यात हा नियम म्हणजे कुळाचार म्हणा ना. खोटा भाग लावणाऱ्याकडे ही माणसं दुधात पाणी घालणाऱ्यासारखं बघतात.

"खोटं लावणार नाही," कॅप्टन म्हणाले.

"बरं झालं गल्लीतल्या म्हाताऱ्यांना हा नियम माहीत नाही," काकू म्हणाल्या. "उपाशी मेले असते."

"ते वेगळं."

"काय वेगळं? खरं काय, खोटं काय, बसलं म्हणजे झालं."

"अगं, कवळीत माणूस बसत नाही!" कॅप्टन तावातावानं म्हणाले, आणि काकू अशा खूश झाल्या की बोलायची सोय नाही. हे भांडण त्यांना रोज हवं होतं. त्या रोज उकरून काढत आणि रोज हरत.

तर भोकं होती. भंगारात जाण्याआधी कुणी कुणी काय काय काढून नेलेलं. कॅप्टननं पत्रं लिहिली, फोन केले, जगभरच्या हौशी माणसांशी ओळखी काढल्या. कुणी उंची दाखवणारा काटा पाठवला, कुणी वेगाचा, कुणी नुसती बटणाची टोपी. खोकं आलं, की कॅप्टन लग्नघरात अहेर उघडावा तसे ते काकूंच्या समोर उघडत. हळूहळू सगळी भोकं भरली. राहिलं एकच, खाली डाव्या हाताला. तिथे चाकं खाली सोडायचा दांडा असतो, आणि त्याच्या वर तीन हिरवे दिवे. चाकं उतरली की दिवे लागतात. हा दांडा काही केल्या मिळेना.

"नसू दे," कॅप्टन म्हणाले. "आपल्याला कुठे उतरायचंय?"

३

कॉकपिटवरचं काचेचं झाकण चकाकवायचं काम दोघांनी मिळून केलं. काच कसली, जाड प्लास्टिकच ते, उन्हानं दूध सांडल्यासारखं झालेलं. त्याला आधी जाड कागदानं घासायचं, मग बारीक, मग त्याहून बारीक. पहिले काही दिवस ते आणखीच वाईट दिसतं आणि करणाऱ्याचा धीर सुटतो. इथे काकू उपयोगी पडल्या. घासणं हा त्यांचा जन्माचा धंदा. त्यांनी आपली पांढरी पावडर आणली, मऊ कापडाची चाकं आणली, आणि नवऱ्याच्या हातावर चापटी मारून म्हणाल्या, "असं गोल गोल. दाबायचं नाही. दाबलं की जळतं."

दोघं जुनी गाणी म्हणत घासत. एकाला मुखडा आठवे, दुसऱ्याला अंतरा. बेकरीवाला गरम पाव द्यायला येई तो तिथेच डबा पालथा घालून बसे. गॅरेजमध्ये पॉलिशचा, पावाचा आणि तेलाचा मिळून असा काही वास भरलेला असे, की काकूंना वाटे, हा बाटलीत भरून ठेवता आला तर बरं होईल.

झाकण लख्ख झालं त्या दुपारी कॅप्टन आत बसले. "लाव गं," म्हणाले. काकूंनी झाकण सरकवलं. खट्ट असा गोड आवाज झाला. आतून कॅप्टननं सलाम ठोकला, काकूंनी जीभ दाखवली, आणि त्या हसत हसत आपल्या कवळ्यांकडे परत आल्या.

चाक सुरू करणार तोच डोक्यावरून विमान गेलं.

काकूंनी मान वर केली. या भागावरून विमानं जात नसत. गेलं असेल एखादं वाट चुकून, असं म्हणून त्या कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी खट्ट झालं, आणि पुन्हा विमान. त्या अंगणात आल्या. आभाळ घासून ठेवल्यासारखं स्वच्छ, त्यात एक घार. आवाज मात्र छपरावरून गोल फिरून लांब जात होता, परत येत होता.

काकू काही खुळ्या नव्हत्या. त्यांनी विचार केला: पाण्याचा पंप असेल. हमरस्त्यावरचा ट्रक असेल. बोलाफुलाला गाठ पडते कधीकधी. मग त्यांनी शेजारणीच्या पंपाचा आवाज ऐकला, ट्रकचा ऐकला, आणि दोन्ही आवाज असे नव्हते हे कळल्यावर त्यांनी या गोष्टीचा विचार करायचं सोडून दिलं. नवरा हसतोय ना? मग डोक्यावरून विमान जाऊ दे, नाहीतर हत्ती जाऊ दे.

पण एक होतं. कॅप्टन बाहेर येत तेव्हा त्यांचे हात गार असत. बाहेर अंगाची लाही होत असताना बर्फात घालून काढल्यासारखे गार. आणि ते मोठ्यानं बोलत.

"काय म्हणालीस? जरा ओरडून सांग. कानांत दडे बसलेत माझ्या."

४

"फ्रीज बसवलाय का आत?" बेकरीवाल्यानं विचारलं.

त्याला नाकाखाली पाण्याचं थारोळं दिसलं होतं. पत्र्यावरून थेंब ओघळत होते, आणि टोकाजवळ बर्फाची पांढरी साय होती. बेकरीवाल्यानं ती नखानं काढून बघितली, बोट तोंडात घातलं, आणि विचारात पडला. मग तो मागच्या बाजूला गेला. पायलटच्या पाठीमागे सगळ्या दांड्या आणि तारा करवतीनं कापलेल्या, झाडाच्या छाटलेल्या फांद्यांसारख्या उघड्या पडलेल्या. त्यानं पुढे येऊन कॅप्टनच्या मांडीजवळची विमान वळवायची मोठी स्टिक हलवून बघितली.

"ही कशाला जोडलीय?"

"कशालाच नाही," कॅप्टन म्हणाले.

"मग जड का लागतेय? कुणीतरी पलीकडून धरल्यासारखी?"

कॅप्टन नुसते हसले. बेकरीवाल्यानं हात काढून घेतला, कमरेच्या पंच्याला पुसला, आणि भट्टी बघायची आहे म्हणून निघून गेला. त्यानंतर तो दारातूनच पाव देऊ लागला.

त्या संध्याकाळी चहा पिताना काकूंनी विषय काढला. "अहो, खरं सांगा. तुम्ही आत बसून करता काय?"

"उडतो," कॅप्टन म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. थट्टा करताना या माणसाची डावी भुवई वर जाते. भुवई जागच्या जागी होती.

"झाकण लागलं की आधी नुसतं पांढरं दिसतं," ते सांगू लागले, आणि सांगता सांगता त्यांचा चेहरा असा उजळला की काकूंना एकदम आनंद आणि भीती दोन्ही वाटली. "मग पांढरं संपतं आणि निळं लागतं. अगं, काय सांगू! आपलं घर काडेपेटीएवढं दिसतं. बेकरीचं धुराडं, पाण्याची टाकी, सगळं. झाकणाची कडी ओढली की पुन्हा गॅरेज. तू काल कपडे वाळत घालत होतीस. मी वरून बघितलं तुला. चिमटे कोण देत होतं गं तुझ्या हातात?"

"कोण देणार? मी एकटीच होते. तुम्ही तर गॅरेजमध्ये."

"असं होय," कॅप्टन म्हणाले. "मला वाटलं, मीच आहे तो. तसाच शर्ट होता. पण वरून नीट ओळखू येत नाही."

काकूंनी कप बाजूला ठेवला. "बंद करा हे."

"का?"

"का काय! अडकलात वर म्हणजे?"

कॅप्टननं बशीतला चहा संपवला. मग खरं ते बोलून टाकायचं ठरवून म्हणाले, "पहिल्यांदा कडी सहज निघायची. आता जोर लावावा लागतो. वारा दाबून धरतो ना झाकणाला. पण भिण्यासारखं काही नाही. अगदीच नाही निघाली तर खाली उतरवायचं. चाकं नसली तरी विमान पोटावर उतरवता येतं. घासत जातं, ठिणग्या उडतात, पायलटची हाडं खिळखिळी होतात, पण उतरतं."

"मग तो चाकांचा दांडा बसवा आधी!"

"मिळत नाही तो."

"मी करून देते. एका दिवसाचं काम."

"खोटा?" कॅप्टन असे दचकले, की जणू कुणी त्यांच्या ताटात थुंकायला निघालं होतं. "हात लावणार नाही मी खोट्या दांड्याला. मेलो तरी लावणार नाही."

"मेलात तर कोण विचारतंय लावायला! जगताना लावा."

"ऐक माझं," कॅप्टन म्हणाले. आवाज खाली आला होता. "त्या खुर्चीत बसलेला मी बघितलाय ना तू? मला पुन्हा तिथे बसायचं नाही."

काकूंनी खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर आता धुतलेले टॉवेल रचलेले असत. त्यांनी दोघांच्या कपात आणखी चहा ओतला.

५

पण काकू ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. आपला हात जगन्नाथ. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन केस कापायला गेले, तशी काकूंनी एप्रन चढवला. दांड्याचा फोटो कॅप्टनच्याच पुस्तकात होता: बोटभर दांडा, आणि टोकाला छोटं चाक, अंधारात हाताला नुसतं लागलं तरी कळावं म्हणून. काकूंनी मेणाचा साचा केला, कवळीचं मिश्रण कालवलं, ओतलं, शिजवलं, घासलं. हिरड्यांसाठी आणलेलं मिश्रण ते, रंग व्हायचा तोच झाला. लढाऊ विमानाचा दांडा चांगला गुलाबी निघाला. काकूंना हसू फुटलं ते आवरेना. हिरव्या दिव्यांना मात्र त्यांनी नीट रंग कालवला आणि त्या पारदर्शक काचा इतक्या सुरेख झाल्या, की त्यांना स्वतःचाच हेवा वाटला.

मग त्या कॉकपिटमध्ये चढल्या आणि भोकाचं माप हिरडीसारखं बोटानं चाचपलं. दांडा आत सरकवला. एकदाही कानस लागली नाही. टक्क करून बसला, आणि काकू म्हणाल्या, "बसलं!" चाळीस वर्षं प्रत्येक कवळीला म्हणत आल्या तसंच.

त्यांनी ठरवलं होतं, जेवताना सांगायचं. शिव्या खायच्या, रुसवा काढायचा, हातापाया पडायचं, पण दांडा काढू द्यायचा नाही. आणि नेमका जेवण उरकतानाच दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. कुणा आजीबाईंची कवळी टोचत होती. काकू फोनवर टोचणारा दात शोधत असताना मागे खट्ट झालं.

"डॉक्टर, नंतर बोलते," त्या म्हणाल्या आणि कान टवकारून उभ्या राहिल्या.

आता ओरडतील. गुलाबी दांडा दिसेल आणि गॅरेजचा पत्रा उडेल अशी आरोळी येईल. कॅप्टनच्या आरोळीची त्यांनी इतकी वाट आजवर कधी बघितली नव्हती. आरोळी आली नाही. छपरावरून विमान गेलं.

६

ते गेलं, वळलं, परत आलं. रोजच्यापेक्षा वरून. काकूंनी थोडी वाट बघितली, अजून थोडी बघितली, आणि मग राहवेना म्हणून त्या गॅरेजमध्ये गेल्या.

नाक जागेवर होतं. लाकडी ठोकळ्यांवर, रोजच्यासारखं, जराही हललेलं नाही. पण गॅरेजमध्ये पाऊल टाकताच तोंडातून वाफ निघाली. झाकण सगळं पांढरं झालं होतं. दोघांनी इतक्या दिवसांत घासून घासून काढलेलं दूध पुन्हा सांडल्यासारखं. काकूंनी हात लावला आणि बोटं चिकटली.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "अहो, ऐकू येतंय का? मीच बसवलाय तो दांडा! काय ओरडायचं ते बाहेर येऊन ओरडा!"

आतून काही नाही. काकूंनी एप्रनचं टोक मुठीत धरलं आणि गोल गोल, न दाबता, झाकणाचा एक तुकडा पुसला. डोळा लावला.

कॅप्टन दिसले नाहीत. खुर्ची दिसली नाही. जिथे त्यांचे गुडघे असायला हवेत तिथे नुसतीच पोकळी होती, उन्हानं भरलेली, आणि तिच्या तळाशी, फार खाली, एक छप्पर. छपरामागे अंगण. अंगणात दोरी, दोरीवर त्यांच्याच घरच्या चादरी. दोरीखाली एक माणूस उभा होता. तो वर बघत होता. मग तो वळला आणि गॅरेजच्या दिशेनं चालू लागला.

काकू मागे सरकल्या. पुसलेला तुकडा पुन्हा पांढरा झाला. त्यांना गॅरेजच्या दाराकडे बघायचं धाडस झालं नाही, त्या झाकणाकडेच बघत राहिल्या, आणि तेवढ्यात कडी वाजली. झाकण मागे सरकलं. आत कॅप्टन बसले होते. गालावर लाली, केस नुकते कापलेले, आणि तोंडभर हसू.

"काय दांडा केलायस गं!" ते म्हणाले. "एका झटक्यात उतरलो!"

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्या माणसाला कॉकपिटमधून ओढूनच काढलं, मिठी मारली, पाठीत दोन धपाटे घातले, पुन्हा मिठी मारली. दोघं हसत होते. काय बघितलं नि काय नाही, हे काकूंना त्या क्षणी आठवायचंही नव्हतं. माणूस परत आला होता. आता कुणी काही विचारू नये.

७

"चहा ठेवते," काकू म्हणाल्या.

"मी ठेवतो. तू बस. दमली असशील," कॅप्टन म्हणाले.

चहा छान झाला होता. कॅप्टननं कप पुढे केला तेव्हा त्यांची बोटं काकूंच्या बोटांना लागली. ऊबदार होती. काकूंना बरं वाटलं, मग पुढच्याच क्षणी नाही वाटलं. रोज गार असतात.

"गुलाबी झाला जरा," काकू म्हणाल्या. त्यांना भांडण हवं होतं. एक, लहानसं.

"गुलाबीच शोभतो."

"पण खोटा आहे."

"खरं काय, खोटं काय," समोरचा माणूस प्रेमानं म्हणाला, "बसलं म्हणजे झालं."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. तीच भुवई, तेच नाक, तोच गालावरचा तीळ. इतक्या मायेनं तो बघत होता, की कुणाही बाईनं देवाचे आभार मानावेत. आणि काकूंना कळलं की हे वाक्य रोज त्या म्हणत आल्या होत्या, आणि ज्या माणसाला त्या म्हणत, तो मेला असता पण हे बोलला नसता.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. विमानाचा आवाज थांबलाच नव्हता. मघापासून तो चालूच होता, छपरावरून, गोल गोल.

"काकू!" फाटकाशी बेकरीवाला आला होता, पिठाचे हात कपाळाला लावून आभाळात बघत. "कुणाचं हो हे? केव्हाचं घिरट्या घालतंय!"

काकू गॅरेजमध्ये धावल्या. नाक कोरडं ठणठणीत होतं, पत्रा उन्हानं तापलेला, झाकण लख्ख. त्यांनी स्टिक हलवली. ती आता सैल होती, घंटेतल्या लोलकासारखी इकडून तिकडे लोळली. त्या अंगणात आल्या आणि त्यांनी वर बघितलं. सूर्याजवळ काहीतरी चमकलं. छोटंसं. त्याला पंख नव्हते, आणि मागचा भाग तर नव्हताच.

"उतरेल की," मागून आवाज आला. तो दारात उभा होता, हातात काकूंचा अर्धा राहिलेला कप. "इंधन संपलं की सगळे खालीच येतात. चहा गार होतोय तुझा."

काकू वळल्या. तो त्यांच्याकडे बघून हसला, अगदी मनापासून. राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं. त्याच्याबरोबर संसार सुखाचा झाला असता. खुर्चीत जाऊन बसला नसता तो कधी. चहा ठेवला असता, दांड्याचं कौतुक केलं असतं, चिमटे हातात दिले असते. काकूंनी हे सगळं एका श्वासात बघून घेतलं, आणि मग त्यांना आपल्या माणसाचा असा काही उमाळा आला, की त्या अंगणाच्या मधोमध उभं राहून आभाळाकडे बघून ओरडल्या, "अहो! हट्टी कुठले! गुलाबी तर गुलाबी, ओढा ना तो!"

वरचा आवाज एकदा अडखळला आणि पुन्हा लागला. काकूंना नवरा दिसल्यासारखा दिसला, ओठ घट्ट मिटून, डाव्या हाताशी असलेल्या दांड्याकडे ढुंकूनही न बघता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातच हसूही आलं. बदलायचा नाही हा माणूस. पोटावर उतरेल, पण खोट्याला हात लावायचा नाही.

पोटावर तर पोटावर. काकू घरात गेल्या आणि पलंगावरची मोठी गादी ओढत बाहेर घेऊन आल्या. अंगणात टाकली. मग दुसरी आणली. मग पाहुण्यांच्या दोन.

"भूकंप येणारे का?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"बघत काय उभा राहिलास? तुझ्या घरच्या आण!" काकू ओरडल्या, आणि बेकरीवाला काय समजला कोण जाणे, हसतच पळाला. दोरीवरच्या चादरी, रजया, खुर्चीवरचे टॉवेल, सगळं अंगणात आलं. काकूंना कितीतरी वर्षांत इतका जोर आला नव्हता. त्या धापा टाकत होत्या, मध्येच हसत होत्या, आणि वर बघून तोंडाला येईल ते बोलत होत्या. "या, या! मी आहे इथे! आज तुमचं सगळं ऐकून घेणारे मी, रात्रभर भांडा, पण या!"

शेवटची गादी कापसाची, जुनी आणि जड. ती दारातच अडकली. काकूंनी ओढली, हलेना. तेवढ्यात दुसरं टोक कुणीतरी उचललं.

"हळू," तो म्हणाला. "तुझ्या हाताला लागेल."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या अंगावर कॅप्टनचा शर्ट होता. इतक्या जवळून बघितलं, तरी तो त्यांचाच वाटत होता. दोघांनी मिळून गादी अंगणात नेली, आणि त्यानं तिचा कोपरा मन लावून सरळ केला.

वरचा आवाज फुटत फुटत आला आणि एकदम बंद झाला. गल्लीत इतकी शांतता झाली, की बेकरीच्या भट्टीची धगधग ऐकू यावी. गाद्यांच्या पांढऱ्या पसाऱ्यावर, त्याच्या एका टोकाला, एक सावली पडली. लहान होती. मोठी होऊ लागली.

"उशा पण आण," काकू त्याला म्हणाल्या. त्यांनी वरून नजर काढली नाही. "सगळ्या आण. त्यांची कंबर नाजूक आहे."